लेणी आणि छायाचित्रे : दुनहुआंगपासून कार्ल्यापर्यंत

बौद्ध कलेच्या आधुनिक अभ्यासात ग्रंथ आणि शिलालेख यांच्या बरोबरीने छायाचित्र हेही एक महत्त्वाचे साधन ठरले आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॉन हंटिंग्टन व सुसान हंटिंग्टन या कला-इतिहासकार दांपत्याने भारत, नेपाळ, चीन आदी देशांतील बौद्ध व अन्य प्राचीन स्थळांच्या जवळजवळ तीन लक्ष छायाचित्रांचा संग्रह उभा केला. ज्या अभ्यासकाला युनगांग किंवा लाँगमेन येथील लेणी प्रत्यक्ष पाहता येणार नाहीत, त्याला अशा संग्रहामुळे कार्ल्याचे चैत्यगृह आणि चिनी गुंफा समोरासमोर ठेवून अभ्यासता येतात.

आपल्या समाजात छायाचित्राला मानाचे स्थान आहे. तथागतांची प्रतिमा आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे छायाचित्र ज्या घरात नाही, असे आपले घर विरळाच. परंतु वंदनेसाठी लावलेले छायाचित्र आणि पुरावा म्हणून जपलेले छायाचित्र यांत भेद आहे. पहिले श्रद्धेचा विषय होय, दुसरे अभ्यासाचा. पहिल्याविषयी आपण जितके दक्ष आहोत, तितके दुसऱ्याविषयी नाही. कला-इतिहासकारांच्या छायाचित्रांनी चीनमधील आणि महाराष्ट्रातील लेण्यांच्या बाबतीत कोणते कार्य केले, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि भोसरी-पिंपरी-चिंचवड परिसरातील उपासक-उपासिकांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

चीनमधील लेणी आणि पहिले कॅमेरे

चीनमध्ये डोंगर कोरून विहार व चैत्य निर्माण करण्याची परंपरा भारतातून मध्य आशियाच्या मार्गाने गेली. दुनहुआंगजवळील मोगाव येथे इ. स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्खूने पहिली गुंफा कोरली, अशी तेथील परंपरा सांगते. आज तेथे चित्रे व मूर्ती असलेल्या ४९२ गुंफा मोजल्या जातात. युनगांग येथील लेण्यांचा आरंभ इ. स. ४६० च्या सुमारास भिक्खू तान-याव यांच्या पुढाकाराने झाला. त्याआधी इ. स. ४४६ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या एका सम्राटाने बौद्ध संघाचा छळ आरंभला होता. विहार पाडले गेले, ग्रंथ जाळले गेले. त्यानंतर अवघ्या दीड दशकात पर्वताच्या अंगावर विशाल बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. लाकडी विहार जाळता येतो, डोंगर जाळता येत नाही, हा विचार त्यामागे असावा असे मानण्यास जागा आहे. पुढे राजधानी लोयांग येथे हलल्यावर लाँगमेन येथील लेण्यांचे काम सुरू झाले.

इ. स. १९०७ मध्ये एदुआर शावान या फ्रेंच विद्वानाने उत्तर चीनचा प्रवास करून युनगांग व लाँगमेन येथील लेण्यांची पद्धतशीर छायाचित्रे घेतली आणि १९०९ मध्ये ती मोठ्या चित्रसंपुटांत प्रसिद्ध केली. १९०८ मध्ये पॉल पेलिओ हा दुसरा फ्रेंच पंडित दुनहुआंगला पोहोचला. त्याच्यासोबत शार्ल नुएत नावाचा छायाचित्रकार होता. नुएतने घेतलेली छायाचित्रे १९२० ते १९२४ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाली. याच पेलिओने दुनहुआंगच्या ग्रंथगुंफेतील हजारो हस्तलिखिते अल्प मोबदल्यात पॅरिसला नेली, हेही येथे नमूद केले पाहिजे. आदल्या वर्षी ऑरेल स्टाइनने तेच केले होते. चीनच्या दृष्टीने ही लूट होय, आणि तिचे शल्य चिनी विद्वानांच्या मनात आजही आहे.

असे असूनही त्या छायाचित्रांचे मोल पुढील घटनांनी सिद्ध केले. १९२१ मध्ये रशियन यादवी युद्धातून पळून आलेल्या सैनिकांना मोगावच्या गुंफांत ठेवण्यात आले. त्यांच्या चुलींच्या धुराने कित्येक भिंती काळ्या पडल्या. १९२४ मध्ये लँग्डन वॉर्नर या अमेरिकन कला-इतिहासकाराने रासायनिक द्रव्य लावून भित्तिचित्रांचे काही तुकडे भिंतीवरून उचलले आणि एका बोधिसत्त्वाची मूर्तीही नेली. त्या भिंतींवर आज रिकाम्या खुणा आहेत. या साऱ्या घटनांपूर्वी गुंफा कशा दिसत होत्या, हे जाणण्यासाठी १९०७-०८ ची छायाचित्रे हाच मोठा आधार होय. पुढे १९४३-४४ मध्ये जेम्स लो व लुसी लो या चिनी दांपत्याने दुनहुआंगची अडीच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. गुंफांत वीज नव्हती. आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत वळवून त्यांनी काम केले.

लाँगमेनचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील मध्य बिनयांग गुंफेत सम्राट व सम्राज्ञी आपल्या परिवारासह बुद्धवंदनेला निघाल्याची दोन भव्य शिल्पे होती. शावानच्या छायाचित्रांत ती जागेवर दिसतात. १९३० च्या दशकात व्यापाऱ्यांसाठी काम करणाऱ्या माणसांनी ती तुकड्यातुकड्यांनी फोडून काढली. आज सम्राटाचे शिल्प न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि सम्राज्ञीचे कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. तेथे ती तुकडे जोडून उभी केलेली आहेत. कोणता तुकडा मूळचा आणि कोणता नंतर भरलेला, हे ठरविताना जुन्या छायाचित्राची साक्ष काढावी लागते.

छायाचित्रांची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. थिएनलुंगशान येथील लेण्यांची माहिती व छायाचित्रे १९१८ नंतर जपानी व युरोपीय विद्वानांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर काही वर्षांतच तेथील बुद्ध व बोधिसत्त्व मूर्तींची शिरे छिन्नीने तोडून परदेशी बाजारात विकली गेली. विद्वानांचे पुस्तक चोरांची यादी बनले. मात्र त्याच छायाचित्रांच्या आधारे कोणते शिर कोणत्या गुंफेतील, हे आज सिद्ध करता येते. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी विखुरलेल्या अवशेषांची संगणकावर पुन्हा जोडणी करण्याचे काम हाती घेतले. २०२० मध्ये जपानमधील लिलावात आलेले एक बुद्धशिर चीनला परतही मिळाले. नोंद असली तर वस्तू परत मागता येते. नोंद नसली तर ती मुळात आपली होती, हेही सिद्ध करता येत नाही.

अजिंठा : प्रतिकृती जळाल्या, छायाचित्रे उरली

महाराष्ट्रातील इतिहास याहून वेगळा नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. १८४४ पासून मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याने तेथे राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानी चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियोतील भूकंपात नष्ट झाल्या. इतक्या वेळा इतका दुर्दैवी योग क्वचितच एखाद्या कलास्थळाच्या वाट्याला आला असेल.

गिलने प्रतिकृतींबरोबर कॅमेराही हाती घेतला होता. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या. म्हणून एका आगीत सर्व नष्ट झाले नाही. अनेक प्रती अनेक ठिकाणी असणे, हीच छायाचित्राची खरी शक्ती होय. त्रिपिटकाच्या रक्षणाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. भाणकांच्या अनेक परंपरांनी बुद्धवचन मुखोद्गत ठेवले, सिंहलद्वीपात ते ताडपत्रावर उतरले, चीनमध्ये त्याची भाषांतरे झाली. म्हणूनच भारतातील महाविहार उद्ध्वस्त झाले तरी बुद्धवचन नष्ट झाले नाही.

विसाव्या शतकात व्हिक्टर गोलुबेव्ह याने अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याची छायाचित्रे घेतली आणि ती १९२७ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे चार खंड छायाचित्रांसह सिद्ध केले. दरम्यान १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रे भिंतीला पक्की करण्याचे काम झाले. सुटत चाललेला गिलावा त्यामुळे सावरला. पण चित्रांवर जे रोगण चढविले गेले, ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि मूळ रंग झाकोळले. त्यामुळे रोगणापूर्वीची छायाचित्रे, कृष्णधवल असली तरी, आज विशेष मोलाची ठरतात. अजिंठ्याचे रंग मुळातच काळपट होते, असा समज करून घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्यानंतर मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक (१९२८-२०१९) यांनी आयुष्यातील अनेक दशके अजिंठ्याला वाहिली. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इ. स. ४६० ते ४८० च्या आसपास, बहुतेक महायान लेणी अल्पावधीत कोरली गेली, असे मत त्यांनी मांडले. सर्व विद्वानांना ते मान्य नाही, परंतु त्यांची पद्धती अभ्यसनीय आहे. दारांच्या बिजागऱ्यांची खोबण कशी बदलत गेली, कोणता खांब अर्धवट राहिला, कोणती बुद्धमूर्ती घाईने नंतर कोरली, अशा बारीक खुणांवर त्यांनी आपला कालक्रम उभा केला. अशा खुणांची लेण्यालेण्यांत तुलना करावयाची तर प्रत्येक खुणेचे छायाचित्र हाताशी असावे लागते. मिशिगन विद्यापीठातूनच आशियाई कलेच्या पारदर्शिका जगभरच्या शिक्षणसंस्थांना पुरविण्याचा उपक्रम चालला. १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, मंद प्रकाशात दीर्घकाळ काच उघडी ठेवून, अजिंठ्याच्या चित्रांची रंगीत छायाचित्रे घेतली. त्यामुळे चित्रांना इजा न होता त्यांचे रंग लोकांसमोर आले.

दोन देश, एक वास्तुविचार

चीन आणि महाराष्ट्र येथील छायाचित्रे शेजारी ठेवली म्हणजे काय कळते, याचे एक उदाहरण देतो. कार्ले, भाजे किंवा बेडसे येथील चैत्यगृहाच्या टोकाशी स्तूप आहे. दोन्ही बाजूंना स्तंभांची रांग असून ती स्तूपाच्या मागून फिरते. स्तंभ आणि भिंत यांच्यामधील वाट ही प्रदक्षिणापथ होय. आता युनगांग किंवा दुनहुआंग येथील काही प्राचीन गुंफांची छायाचित्रे पाहावीत. तेथे गुंफेच्या मध्यभागी जमिनीपासून छतापर्यंत एक चौकोनी दगडी स्तंभ राखलेला दिसतो. त्याच्या चारही अंगांस कोनाड्यांत बुद्धमूर्ती आहेत आणि सभोवती फिरण्याची वाट आहे. आकार बदलला. गोल अंडाच्या स्तूपाची जागा चिनी मनोऱ्यासारख्या चौकोनी स्तंभाने घेतली. पण चैत्याला उजवी घालून फिरण्याचा आचार तोच राहिला.

पालि परंपरेत कालिंगबोधि जातकात चेतियाचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, म्हणजे धातूंवर उभारलेले, पारिभोगिक, म्हणजे तथागतांनी उपयोगात आणलेल्या वस्तूंशी संबंधित, आणि उद्देसिक, म्हणजे तथागतांना उद्देशून निर्मिलेले. भाज्याच्या साध्या स्तूपापासून युनगांगच्या बुद्धस्तंभापर्यंतचा प्रवास हा या कल्पनांच्या विकासाचा प्रवास आहे, असे आम्हांस वाटते.

या संबंधाची लेखी साक्षही आहे. सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू महाराष्ट्रात आला. देशाच्या पूर्व सीमेवरील पर्वतात अर्हत आचार याने स्थापिलेल्या एका संघारामाचे वर्णन त्याने केले आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील भिक्खू बुद्धभद्राच्या शिलालेखात स्थविर अचल याचा उल्लेख येतो. हे दोन्ही एकच असावेत आणि ह्युएन त्संगने वर्णिलेले स्थळ अजिंठाच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चीनमधील ग्रंथ आणि महाराष्ट्रातील दगड अशा रीतीने एकमेकांची साक्ष देतात.

आपल्या परिसरातील लेणी

भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला हा सारा विचार प्रत्यक्ष पडताळून पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. कासारवाडी स्थानकावरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीस उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले आहे. बेडशासाठी कामशेतला उतरावे. कारखान्यात काम करणारा माणूस साप्ताहिक सुटीच्या एका दिवसात यांपैकी एक स्थळ नीट पाहू शकतो.

कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. येथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. त्याची लांबी सुमारे १२४ फूट असून आत ३७ स्तंभ आहेत. छताच्या लाकडी कमानी प्राचीन आहेत. वैजयंतीचा सेठी भूतपाल याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे आपल्या लेखात अभिमानाने म्हटले आहे. पण हे चैत्यगृह एकट्या सेठीचे नव्हे. धेनुकाकट येथील वढकी, म्हणजे सुतार, सामी याने दाराचे काम केल्याचा लेख आहे. तेथीलच एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान आहे. अनेक स्तंभ यवन उपासकांनी दिले. सोपाऱ्याहून आलेल्या धम्मुत्तरीय निकायाच्या सतिमित नावाच्या भाणकाने एक स्तंभ धातूसह दिला. महारठी अग्निमित्रणक याने सिंहस्तंभ दिला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने संघाच्या निर्वाहासाठी गाव दान केले. सुतार, व्यापारी, परदेशी, भिक्खू, सरदार आणि राजाचा जावई यांची नावे एकाच वास्तूत आहेत, आणि दानाच्या बाबतीत त्यांच्यात उच्चनीच भेद दिसत नाही.

भाज्याला बाधा नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. ती हालिकाची, म्हणजे नांगरधारी शेतकऱ्याची, पत्नी होती. दोन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीचे नाव दगडावर कोरले जाते, ही गोष्ट आमच्या मते कोणत्याही राजाच्या प्रशस्तीहून मोठी आहे. भाज्यालाच थेरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या १४ स्तूपांचा समूह आहे, आणि त्यांतील काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी थेरांची नावे आहेत. बेडशाला नाशिकच्या आनंद सेठीचा पुत्र पुष्यणक याचे दान आहे. तेथेच एका छोट्या स्तूपावर गोभूती नावाच्या अरण्यवासी, पिंडपातिक भिक्खूचे स्मरण त्याच्या शिष्याने कोरविले आहे.

या लेखांचे वाचन आपल्यापर्यंत कसे आले? जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले. पुढे एमिल सनार या फ्रेंच विद्वानाने कार्ल्याच्या लेखांचे पुन्हा संपादन केले. कागदी ठसे आणि छायाचित्रे यांच्यावरूनच हे काम जगभरच्या विद्वानांना पडताळता आले. एखादे अक्षर झिजले, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या ठशात ते शाबूत असू शकते.

न नोंदलेल्या गोष्टींचे काय होते, हे बेडशाने दाखविले आहे. १८६१ च्या सुमारास स्थानिक अधिकाऱ्यांनी साहेबलोकांना लेणी स्वच्छ दिसावीत म्हणून रंगसफेदी करविली आणि तेथील प्राचीन चित्रांचे उरलेसुरले अंश लुप्त झाले. त्या चित्रांत काय होते, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

छायाचित्राच्या मर्यादा

छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हटले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. छायाचित्र तेवढेच सांगते, जेवढे घेणाऱ्याने चौकटीत घेतले. कार्ल्याचे कोणते छायाचित्र पाहावे यावर कार्ले कसे दिसते हे अवलंबून असते. काही छायाचित्रांत चैत्यगृहासमोरील एकवीरा देवीचे मंदिर ठळक दिसते, तर काहींत ते चौकटीबाहेर ठेवलेले असते. दोन्ही छायाचित्रे खरी आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. स्थळाचा पूर्ण इतिहास सांगावयाचा तर प्राचीन चैत्य, नंतरचे मंदिर आणि एकच उरलेला सिंहस्तंभ हे सारे एकत्र दाखविणारे छायाचित्र हवे. बेडशाला तर चैत्यगृहासमोर खडकाचा मोठा भाग न तोडता ठेवलेला आहे. त्यामुळे पुढचे उंच स्तंभ एका दृष्टिक्षेपात, आणि म्हणून एका छायाचित्रात, मावतच नाहीत.

दुसरी मर्यादा अन्वयार्थाची. भाज्याच्या दक्षिण टोकाच्या विहारात रथारूढ पुरुष आणि गजारूढ पुरुष अशी दोन शिल्पे आहेत. त्यांना बराच काळ सूर्य आणि इंद्र म्हटले जात आले, आणि छायाचित्रांखालीही तेच छापले गेले. परंतु काही विद्वानांनी ही शिल्पे मांधाता राजाच्या बौद्ध कथेशी जोडली आहेत. तृष्णेला अंत नसतो, हे सांगणारी ही कथा पालि जातकांतही आहे. बौद्ध विहाराच्या भिंतीवर बौद्ध कथा असणे अधिक संभवनीय नव्हे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. शिल्पातील प्रत्येक आकृती, प्रत्येक आयुध, पायाखालची प्रत्येक मूर्ती निरखूनच ते द्यावे लागेल. छायाचित्राखालची ओळ हा पुरावा नव्हे, ते कोणाचे तरी मत असते, हे वाचकाने विसरू नये. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्याची रूढी अशीच छापील ओळींनी बळकट केली आहे.

तिसरी मर्यादा अशी, की जे पाहावयाचे ठाऊक नाही, ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. भाज्याच्या चैत्यगृहाच्या लाकडी कमानींवर ब्राह्मी लिपीतील लहान लेख आहेत. शतकाहून अधिक काळ विद्वान त्या कमानींखाली उभे राहून गेले. पण स्वातंत्र्योत्तर काळात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी ते लेख प्रकाशात आणले. त्या लेखांमुळे ते लाकूड प्राचीन असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला.

आपण काय करावे

आज जवळजवळ प्रत्येकाच्या हातातील फोनमध्ये कॅमेरा आहे. लेण्यांना भेट देणारे आपले तरुण शेकडो छायाचित्रे घेतात. त्यांत बहुधा स्वतःचा चेहरा पुढे आणि लेणे मागे असते. यात दोष नाही, पण त्याच भेटीत दहा छायाचित्रे अभ्यासासाठी घेतली तर मोठे कार्य होईल. त्यासाठी काही साध्या सूचना आम्ही करीत आहोत.

प्रथम संपूर्ण लेणे, मग त्याचा भाग, मग बारीक तपशील, या क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. केवळ तपशिलाचे छायाचित्र असेल तर ते कोठले हे पुढे कळत नाही. मापासाठी शेजारी फूटपट्टी धरावी, मात्र ती दगडाला टेकवू नये. शिलालेखाचे छायाचित्र समोरून प्रकाश टाकून घेऊ नये. प्रकाश एका बाजूने तिरपा पडला की अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि अक्षरे उठून दिसतात. सकाळी आणि सायंकाळी ऊन तिरपे असते, त्या वेळेचा उपयोग करावा. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे, तेल किंवा पाणी लावणे सर्वथा वर्ज्य होय. चुकीच्या जागी भरलेला खडू चुकीचे अक्षर निर्माण करतो आणि दगडाचीही हानी होते. चित्रे असलेल्या लेण्यांत प्रखर झोताचा वापर करू नये. तिपाई किंवा मोठी साधने न्यावयाची असतील तर पुरातत्त्व खात्याची अनुमती आधी घ्यावी.

प्रत्येक छायाचित्रासोबत पाच गोष्टी लिहाव्यात : स्थळ, लेण्याचा क्रमांक, लेण्यातील जागा, दिनांक आणि घेणाऱ्याचे नाव. त्याखाली स्वतःचे मत लिहावयाचे असेल तर ते 'मत' म्हणूनच लिहावे. एकाच जागेचे छायाचित्र दरवर्षी त्याच कोनातून घेतले तर गळतीची ओल, पडलेली भेग, तुटलेला कोपरा यांचा हिशेब मिळतो आणि पुरातत्त्व खात्याकडे पुराव्यासह दाद मागता येते. केवळ निवेदनाने जे होत नाही, ते दोन वर्षांच्या दोन छायाचित्रांनी होऊ शकते.

हे कार्य केवळ प्राचीन लेण्यांपुरते नाही. आपल्या शेजारी देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती भूमी आपल्या धम्मक्रांतीच्या इतिहासातील एक स्थळ होय. त्या काळच्या आणि त्यानंतरच्या धम्मदीक्षा समारंभांच्या, विहारांच्या पायाभरणीच्या, वस्त्यांमधील पहिल्या बुद्धजयंतीच्या आठवणी वृद्ध उपासकांच्या पेट्यांत, पिवळ्या पडलेल्या कागदांवर असू शकतात. अशा छायाचित्रामागे नावे लिहिलेली नसली, तर ती ओळखणारा माणूस गेल्यावर ते छायाचित्र मुके होते. प्रत्येक विहाराने अशा छायाचित्रांची एक नोंदवही करावी, मूळ प्रत कुटुंबाकडेच ठेवावी आणि तिच्या किमान दोन प्रती करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवाव्यात. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचे जे झाले, ते आपल्या स्मृतींचे होऊ नये.

दुनहुआंगच्या संस्थेने २०१६ मध्ये तीस गुंफांच्या संगणकीय प्रतिमा जगासाठी खुल्या केल्या. त्यामागे शासन आणि मोठी यंत्रणा होती. आपल्याकडे तितकी साधने नाहीत. परंतु कार्ल्याचे चैत्यगृह तरी एका सत्तेने कोठे उभारले? कोणी एक स्तंभ दिला, कोणी दार घडविले, कोणी एक गाव दिले, आणि प्रत्येकाने आपले नाव व आपले दान खाली कोरले. एका उपासकाने एका लेण्याची नोंद पत्करावी, एका उपासिकेने आपल्या वस्तीतील वृद्धांची छायाचित्रे नावांसह लिहून काढावीत. दानाची ही जुनी रीत या कार्यालाही पुरेशी आहे.